थांबण्याचा दर

सव्वीस वर्षं मी मासे कापले.
हॅडॉक, कधी कॉड, नाताळाआधी सॅमन.
कारखाना मिटला तेव्हा त्यांनी माझा चाकू
मला घरी नेऊ दिला, सोबत एक पाकीट.
पाकिटातून स्कोडा आली, तिसऱ्या हाताची,
मागच्या सीटवर कुणाच्या तरी कुत्र्याचे केस.

रॉडी म्हणाला, पन्नाशीत भिकेचे डोहाळे.
रात्री खिडकीतून पाहिलं तर
दिवाबत्तीखाली गाडीची चारही दारं उघडी,
आणि तो गुडघ्यांवर, व्हॅक्यूम घेऊन.
मी पडदा ओढला. सकाळी दोघांनीही विषय काढला नाही.

टॅक्सी काढायची म्हणजे आधी कागद.
पोलिसांचा दाखला, डॉक्टरची सही,
विमा, जो ऐकून मी फोन खाली ठेवला
आणि चहा पिऊन पुन्हा लावला.
मग रस्त्यांची परीक्षा. परीक्षक पोरगेला, अबर्डीनचा.
बंदरापासून दवाखान्याचा जवळचा रस्ता कुठला?
म्हटलं, वारा कुठला आहे त्यावर.
ते त्याने लिहून घेतलं नाही.

मीटर बसवून शिशाचं सील मारून दिलं,
बरोबर दरांचा कागद. तो मी स्वयंपाकघरात
उभ्यानेच वाचला, दोनदा.
चाक फिरलं तर इतके.
चाक थांबलं तरी, मिनिटाला तीस पेन्स.
थांबण्याचे!
कारखान्यात पट्टा थांबला की पगार थांबे.
संडासाला गेलं की डगल टॉकर
दाराबाहेर घड्याळ धरून उभा.
चार मिनिटं, एल्स्पेट. साडेचार.
त्या अर्ध्या मिनिटाचे तो खरंच कापायचा.

पहिल्या दिवशी सॉल्टन चौकात माझी गाडी तिसरी.
पुढच्या दोघांनी मान वळवली नाही.
नोव्हेंबर, चारलाच काळोख,
हीटर लावला की हातांना मासळीचा वास,
लिंबू चोळून थकले होते मी.
फोन वाजला सव्वाचारला.
आवाज मी ओळखला, त्याने माझा नाही ओळखला.

डगल, त्याच्या अंगावर लग्नाचा नाहीतर मयताचा कोट.
आरशात मला पाहून तो क्षणभर दार धरून राहिला,
मग बसला. पुढे नाही, मागे.
सुपरमार्केट, म्हणाला. नवं. गावाबाहेरचं.
रस्ताभर वायपर तेवढे बोलले.

पाच पौंड चाळीस.
डगल उतरला नाही.
काचेच्या दारातून आत उजेड,
हिरव्या जाकिटातली पोरं ट्रॉल्या ढकलत होती,
त्यातला एक आमच्याच पट्ट्यावरचा, कालचा.
डगलच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल,
तिचं बटण तो उघडत होता, लावत होता.
पाच सत्तर. सहा.
किती वाजताची आहे मुलाखत?
पावणेपाच.
सहा तीस.
माझा हात मीटरकडे गेला.
का गेला, मला विचारू नका,
हिशेब मांडायला बसले तर सव्वीस वर्षांची
अर्धी अर्धी मिनिटं माझीच निघतील.
तो आरशातून पाहत होता.
चालू दे, म्हणाला.
तेच घोगरं, पट्ट्यावरून ओरडणारं नरडं,
फक्त आवाज कुणीतरी कमी केला होता.
मी हात स्टीअरिंगवर ठेवला.

अकरा मिनिटं.
दोघेही घड्याळ बघत होतो, या खेपेला एकच.
आठ पौंड सत्तर.
त्याने मोजून दिले, शेवटचं नाणं
कोटाच्या फाटक्या अस्तरात बोटं घालून काढलं.
वर एक पेनी नाही.
केस बसवले. दार हळू लावलं,
आपल्या घरचं असावं तसं.

भवानी झाली.
पैसे मी चाकूच्या जुन्या म्यानात ठेवले,
गल्ला घ्यायचा राहून गेला होता.

चौकात परतले तर पुढच्या गाडीतल्या म्हाताऱ्याने
काच दोन बोटं खाली घेतली.
लांबचं होतं?
नाही, म्हटलं. थांबले होते.
त्याने ते जरा चघळलं.
मग आपली गाडी हातभर पुढे घेतली,
माझं मागचं चाक पिवळ्या रेषेच्या आत येईल एवढी.